एकदा पेरलेले धान्य



आज तुम्हांला एका शेताची हकिकत सांगायची आहे. हे शेत फार लांब आहे. अमेरिकेच्या उत्तर भागात मिनेसोटा नावाचे राज्य आहे. त्या राज्याच्या विद्यापीठाचे हे शेत. सेंट पॉल नावाच्या शहरात ते आहे. विद्यापीठ म्हटले की पुस्तके आणि बाके डोळ्यांपुढे येतात. पण शेतीविद्या शिकवायची तर पुस्तकाइतकीच मातीही लागते. म्हणून या विद्यापीठाने प्रयोगासाठी शेत ठेवले आहे.

तिथे काय चालले आहे? एकदा पेरले की दोन-चार वर्षे पुन्हा पेरावे लागू नये, असे धान्य तिथे तयार करीत आहेत.

तुम्ही म्हणाल, "असं कुठं असतं का?" थांबा, हसू नका. ज्यांच्याकडे ऊस आहे त्यांनी मला सांगावे. उसाची लागण एकदा होते. तोडणी झाली की बुडख्यांतून पुन्हा फुटवे येतात. तो खोडवा. खोडवा तुटला की निडवा. खोडव्याला नवे बेणे लागत नाही, नव्याने सऱ्या पाडाव्या लागत नाहीत. ऊस ही गवताचीच जात आहे. गहू, ज्वारी, बाजरी, भात, मका याही गवताच्याच जाती. मग उसाचा खोडवा होतो, तर गव्हाचा का होऊ नये? प्रश्न एवढाच आहे. पण त्याचे उत्तर शोधण्यात माणसांच्या हयाती चालल्या आहेत.

हे विद्यापीठ आपल्याला अगदीच परके नाही. नॉर्मन बोरलॉग हे शास्त्रज्ञ इथेच शिकले. पुढे मेक्सिकोत त्यांनी बुटक्या गव्हाच्या जाती काढल्या. १९६६ साली आपल्या देशाने त्या गव्हाचे १८,००० टन बी आणले. त्याने आपल्याकडे गव्हाचे पीक वाढले. बोरलॉगना १९७० साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी गव्हाचे ताट आखूड केले. आता त्यांच्याच विद्यापीठातली माणसे धान्याचे मूळ लांब करू पाहत आहेत.

आता मुळाची गोष्ट ऐका.

शेतात दोन तऱ्हेची झाडे असतात. एक गहू-ज्वारीसारखी. पेरली, वाढली, दाणा पिकला, की वाळून गेली. त्यांचे आयुष्य एका हंगामाचे. दुसरी हराळी आणि कुंद्यासारखी. कुंदा कोणाच्या रानात आहे? ज्याच्या आहे, त्याला विचारा. खणून खणून कंबर मोडते, पण तुकडा राहिला की पुन्हा हिरवा. वरून कापा, जाळा, उन्हाळाभर रान तापू द्या. खाली मूळ जिवंत असते. पाऊस पडला की ते वर येते.

मग हराळीला ज्वारीसारखे कणीस का येत नाही? याचे कारण घरखर्चासारखे आहे. समजा, एका माणसाला उद्याची चिंताच नाही. तो सारे धान्य लेकीच्या लग्नात खर्चून टाकतो. मोठी जेवणावळ होते. दुसरा माणूस पुढच्या वर्षाचा विचार करतो. तो निम्मे धान्य कणगीत ठेवतो. त्याच्या मांडवात पंगती कमी बसतात. गव्हाला पुढचे साल बघायचे नसते. तो आपली सारी कमाई ओंबीत ओततो. हराळीला पुढे जगायचे असते. ती कमाई मुळात साठवते. दाण्याला थोडेच उरते.

आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वी पहिल्या तऱ्हेचे गवत निवडले. ज्याचा दाणा मोठा, ज्याचा दाणा गळत नाही, त्याचे बी राखून ठेवले. तेच पुन्हा पेरले. असे पिढ्यान् पिढ्या करता करता रानगवताचा गहू झाला. दाणा मिळाला. पण दरवर्षी जमीन उकरणे आणि दरवर्षी पेरणे हेही त्याच्याबरोबर गळ्यात पडले.

तुम्ही म्हणाल, "पडू द्या की. पेरणी हा तर आमचा सण. त्यात वाईट काय?"

वाईट पेरणीत नाही. वाईट आहे ते जमीन उघडी राहण्यात. नांगरलेल्या रानावर वळवाचा पाऊस कोसळतो तेव्हा ओढ्याचे पाणी कसे होते? गढूळ होते. तो गढूळपणा म्हणजे तुमचे रान. वरची सुपीक माती वाहून चालली. अशी माती बोटभर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. जायला एक पावसाळा पुरतो.

अमेरिकेतल्या लोकांनी याची मोठी शिक्षा भोगली आहे. त्यांच्या देशाच्या मध्यभागी गवताची अफाट माळराने होती. त्या गवतांची मुळे खोल गेलेली. मातीला त्यांनी घट्ट धरून ठेवले होते. लोकांनी पोलादी नांगर आणले, मग ट्रॅक्टर आणले. गवत उलथून गहू पेरला. काही वर्षे पीक छान आले. मग १९३० नंतर ओळीने दुष्काळ पडले. पीक वाळले. माती धरून ठेवायला मूळ राहिले नाही. वारा सुटला आणि माती उडू लागली. १४ एप्रिल १९३५ या दिवशी धुळीचे एवढे मोठे वादळ झाले की दक्षिणेकडच्या माळरानावर भर दिवसा अंधार पडला. हजारो कुटुंबे घरदार सोडून गेली.

मिनेसोटात आज दुखणे वेगळे आहे. ते पाण्याचे दुखणे आहे. तिथे मका आणि सोयाबीन ही मोठी पिके. ती पाच महिने रानात असतात. उरलेले सात महिने जमीन उघडी. हिवाळ्यात वर बर्फ साचते. वसंतात बर्फ वितळते, पाऊस पडतो. त्या वेळी रानात पाणी प्यायला मूळच नसते. मग पाणी खाली जाते आणि खताचा अंश बरोबर घेऊन जाते. तो विहिरीत उतरतो. खताच्या या अंशाला नायट्रेट म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. पण तान्ह्या बाळाच्या दुधात असे पाणी गेले तर बाळाच्या जिवावर बेतू शकते. राहिलेले पाणी ओढ्यांतून मिसिसिपी या महानदीत जाते. ही नदी मिनेसोटातच उगम पावते आणि शेवटी समुद्राला मिळते. तिच्या मुखाजवळच्या समुद्रात उन्हाळ्यात असा एक पट्टा तयार होतो की तिथे माशांना प्राणवायू मिळत नाही. एका शेतातले खत कुठवर जाते ते पाहा.

म्हणून विद्यापीठातल्या माणसांनी विचार केला. वर्षभर ज्याचे मूळ जिवंत राहील असे पीक हवे. त्याने माती धरावी, पाणी गाळावे. आणि शेतकऱ्याच्या हातात दाणाही द्यावा. नुसते गवत लावा म्हटले तर शेतकरी खाईल काय?

अशा पिकाचा शोध आधीच सुरू झाला होता. १९८३ साली अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात एका शेतीसंस्थेने सुमारे शंभर जातींची गवते तपासायला घेतली. सगळी वर्षानुवर्षे टिकणारी. त्यांतून त्यांनी एक निवडले. हे गवत गव्हाच्या भावकीतले. मूळचे युरोप आणि आशियातले. अमेरिकेत ते गुरांच्या चाऱ्यासाठी आणलेले होते. त्याची मुळे दहा फुटांपर्यंत खाली जातात. म्हणजे जवळजवळ दोन पुरुष खोल. आपल्या कितीतरी आडांना तेवढ्यावर पाणी लागते.

मूळ उत्तम. पण दाणा कसा? अगदी बारीक. गव्हाच्या दाण्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा. वर टरफल चिकटलेले. पिकला की गळणारा. २००३ साली कॅन्सस राज्यातल्या लँड इन्स्टिट्यूट या संस्थेने हा दाणा सुधारण्याचे काम हाती घेतले. या गव्हासारख्या धान्याला त्यांनी कर्न्झा असे नाव दिले. २०११ साली मिनेसोटाच्या विद्यापीठाने त्यांच्याकडून बी घेऊन आपल्या शेतात काम सुरू केले.

हे काम कसे चालते? ऐका. त्यात जादू नाही. आपली म्हातारी माणसे खळ्यावर जी बियाण्याची कणसे निवडत, तेच हे काम आहे. फरक एवढाच की इथे सारे मोजून-मापून लिहून ठेवतात.

शेतात हजारो रोपे लावतात. प्रत्येक रोप सुटे. प्रत्येकाला क्रमांक. कोणाची ओंबी लांब, कोणाचा दाणा टपोरा, कोण पडत नाही, कोणाचा दाणा गळत नाही, कोणाला तांबेरा लागत नाही, हे पाहतात. पहिल्या वर्षी पाहतात. दुसऱ्या वर्षी पुन्हा पाहतात. कारण टिकणाऱ्या पिकाची परीक्षा एका वर्षात होत नाही. पहिल्या वर्षी भरघोस आले आणि दुसऱ्या वर्षी मेले, तर काय उपयोग? मग हजारांतून मोजकी रोपे निवडतात. ती शेजारी लावून त्यांचा आपसांत संकर होऊ देतात. त्यांच्या बियांची पुन्हा हजारो रोपे. पुन्हा निवड. ही एक फेरी झाली. अशा फेऱ्यांमागून फेऱ्या. आता शास्त्राची मदत झाली आहे. रोपाच्या पानाचा लहानसा तुकडा तपासला की त्याच्या अंगी कोणते गुण असतील याचा अंदाज येतो. त्यामुळे फेरी लवकर पुरी होते. तरी शेवटी रोप रानात उभे करून पाहावेच लागते.

२०१९ साली या विद्यापीठाने शेतकऱ्यांसाठी आपली पहिली जात बाहेर काढली. तिचे नाव एमएन-क्लियरवॉटर. क्लियरवॉटर म्हणजे स्वच्छ पाणी. धान्याच्या जातीला पाण्याचे नाव दिले. या नावातच त्यांचा हेतू आला.

आता खरी गोष्ट सांगतो. लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

पाण्याच्या बाबतीत हे पीक कसाला उतरले. मक्याच्या रानाच्या मानाने या पिकाच्या रानातून खाली झिरपणारे नायट्रेट फारच कमी भरले. मूळ खोल, शिवाय वर्षभर जागे. खताचा अंश खाली निसटण्याआधी ते त्याला पिऊन टाकते. म्हणून मिनेसोटात काही गावांच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरींभोवती हे पीक मुद्दाम लावून पाहिले आहे. गावाचे पाणी राखायला लोखंडी यंत्राऐवजी पीक उभे केले.

पण उतारा? क्लियरवॉटरचा उतारा हेक्टरी ७०० किलोंच्या आसपास. म्हणजे एकरी पावणेतीन क्विंटल. चांगल्या गव्हाच्या पाव हिश्श्याच्याही आत. शिवाय दोन-तीन वर्षांनी तोही घटतो. पीट दिसायला हिरवेगार, पण ओंब्या कमी. दाणा अजून बारीक. नुसत्या या पिठाचा पाव गव्हासारखा फुगत नाही, गव्हाचे पीठ मिसळावे लागते. कापल्यावर गुरांना चारा मिळतो, हा एक फायदा. तरी पोट भरण्यापुरते हे पीक अजून आलेले नाही. ते तिथले शास्त्रज्ञही कबूल करतात. ते म्हणतात, गव्हाला गहू व्हायला हजारो वर्षे लागली. आम्हांला अजून थोडीच झाली.

मग हा सारा खटाटोप वाया जाणार की काय? काही जाणकारांना तशी शंका आहे. कणगीही भरायची आणि पंगतीही उठवायच्या, हे दोन्ही एका झाडाला कसे जमेल, असे ते विचारतात. शंका रास्त आहे. पण तिचे थोडे उत्तर दुसऱ्या एका देशात मिळाले आहे. त्यासाठी आता चीनमध्ये जाऊ.

चीनच्या दक्षिणेला युन्नान नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथे भात होतो. तिथल्या शास्त्रज्ञांनी दुसरी वाट धरली. रानगवताला धान्य करण्याऐवजी धान्यालाच रानगवताचा गुण द्यायचा. आफ्रिकेत एक रानभात असतो. हळदीसारखे त्याचे खोड जमिनीखाली चालते, आणि दरवर्षी त्याला नवे कोंब फुटतात. थायलंडच्या एका भाताशी या रानभाताचा संकर केला. दोघांची जात लांबची. त्यामुळे बी धरले तरी जगेना. मग कच्च्या दाण्यातला कोंब अलगद काढून काचेच्या नळीत वाढवला. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जपावे तसा जपला. १९९६ साली असे एक रोप हाती आले. त्या रोपापासून पुढे निवड करीत करीत २०१८ साली पीआर २३ नावाचा भात शेतकऱ्यांच्या हाती आला. मध्ये बावीस वर्षे गेली. हे काम युन्नान विद्यापीठात फेंग्यी हू यांच्या देखरेखीखाली पुरे झाले.

या भाताची आवण एकदाच करायची. कापणी झाली की बुडख्यांतून पुन्हा फुटतो. वर्षाला दोन पिके. अशी चार वर्षांत आठ पिके घेऊन पाहिली. सरासरी हेक्टरी ६८ क्विंटल भात आला. दरवेळी नव्याने लावलेल्या भाताची सरासरी ६७ क्विंटल होती. म्हणजे उतारा कमी झाला नाही. आणि दुसऱ्या पिकापासून रोपे नाहीत, चिखलणी नाही, लावणी नाही. मजुरी निम्म्याहून जास्त वाचली. भाताची लावणी करणाऱ्या बायांना विचारा, याचा अर्थ काय. दिवसभर चिखलात वाकून उभे राहायचे. कंबर संध्याकाळी सरळ होत नाही. २०२१ सालापर्यंत चीनमध्ये १५,००० हेक्टरांवर हा भात गेला होता. ४४,००० हून अधिक लहान शेतकऱ्यांनी तो लावला होता.

पण इथेही अडचणी आहेतच. पाचव्या वर्षी उतारा पडतो. मग पुन्हा नांगरून नवी लावणी करावी लागते. रान उलथले जात नाही म्हणून तण जास्त माजते. कडाक्याच्या थंडीत बुडखा मरतो. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात भाताची खाचरे कोरडी ठणठणीत पडतात. तिथे हा भात तगेल का? ते तिथे लावून पाहिल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही.

संकराची ही रीत आपल्या देशाला नवी नाही, हेही सांगून ठेवतो. उसाच्या जातीच्या नावात 'को' असतो. को ७४०, को ८६०३२ ही नावे तुम्ही ऐकली असतील. 'को' म्हणजे कोइमतूर. तिथे १९१२ साली उसाच्या संशोधनाचे केंद्र निघाले. तिथल्या शास्त्रज्ञांनी गोड उसाचा संकर रानउसाशी केला. नदीकाठी वाढते आणि पांढरे तुरे काढते, ते हे रानगवत. त्या संकरातून १९१८ साली को २०५ ही जात निघाली. उसाला रानगवताचा काटकपणा मिळाला. बांधावरचे गवत म्हणजे कचरा, असे आपण म्हणतो. शास्त्रज्ञ त्याला गुणांची पेटी समजतो.

तर मंडळी, यातून आपण काय घ्यायचे?

पहिली गोष्ट. उद्या कोणी गावात येईल. म्हणेल, "एकदा पेरा आणि जन्मभर कापा. हे घ्या बी." त्याला तीन प्रश्न विचारा. हे कोणत्या विद्यापीठाने तपासले? आमच्यासारख्या जमिनीत आणि पावसात किती उतारा आला? तिसऱ्या वर्षी किती आला? त्याला उत्तर देता आले नाही तर पैसे कनवटीलाच ठेवा. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथे आपली कृषी विद्यापीठे आहेत. तिथे विचारा. आणि नवे काही लावायचेच झाले तर आधी एका गुंठ्यात लावा. सबंध रान पणाला लावू नका.

दुसरी गोष्ट. धान्य टिकाऊ व्हायची वाट पाहायची, पण गवत तर आजच टिकाऊ आहे. ते लावायला कोणाची वाट पाहायची? बांधावर, ओघळीच्या काठी, उताराच्या पडीक तुकड्यावर मारवेल किंवा पवना वाढू द्या. विहिरीचे पाणी असेल तर संकरित नेपियर गवताचे ठोंब लावा. राहुरीच्या विद्यापीठाने फुले जयवंत, फुले यशवंत अशा त्याच्या जाती काढल्या आहेत. हे गवत एकदा लावले की काही वर्षे कापत राहता येते. गाय-म्हैस दूध देईल. बांध फुटायचा थांबेल. ओढ्याचे पाणी थोडे तरी नितळ होईल.

तिसरी गोष्ट. रान शक्यतो उघडे ठेवू नका. पिकाचा पाला-पाचोळा जाळू नका. तो रानात राहू द्या. मिनेसोटाच्या शेतकऱ्याचे दुखणे तेच, ते आपलेही. मातीवर पांघरूण नसले की माती जाते.

सेंट पॉलच्या त्या शेतात जी माणसे रोपांना क्रमांक लावीत फिरतात, त्यांच्यापैकी कित्येकांना पुरे टिकाऊ आणि पुरे भरघोस धान्य आपल्या हयातीत दिसणार नाही. तरी ती ओंब्या मोजत असतात. आपल्या आज्याने आंब्याची कोय लावली, तेव्हा तिचा आंबा तो स्वतः किती खाणार होता? आणि आज आपण खातो, तो कोणाच्या हातचा?

एवढे बोलून माझे भाषण पुरे करतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.

वाचून झाल्यावर बोला

१. उसाचा खोडवा आणि युन्नानचा भात यांत सारखे काय आहे?
२. हराळी दाणा कमी का देते?
३. क्लियरवॉटर या जातीचा फायदा कोणता? तोटा कोणता?
४. तुमच्या रानातली माती कोणत्या जागेवरून वाहून जाते? तिथे कोणते गवत लावता येईल?